सुपरसीड: स्पेलिंगमध्ये सी की एस? आणि नेमका अर्थ काय?

मसुदाकार

इंग्रजी मसुदे तपासणाऱ्यांना हमखास छळणारे एक क्रियापद म्हणजे सुपरसीड. करार, परिपत्रके, मानकांच्या याद्या, सॉफ्टवेअरच्या सूचना, सगळीकडे त्याचा वावर असतो आणि भल्याभल्यांच्या हातून ते चुकीचे उमटते. म्हणून हा स्वतंत्र धागा.

आधी स्पेलिंग: एस-यू-पी-ई-आर-एस-ई-डी-ई. 'सुपर' संपले की लगेच एस. मध्ये सी कुठेही नाही आणि दोन ई शेजारी शेजारी येत नाहीत.

चुकीची रूपे मुख्यतः तीन दिसतात. पहिल्यात शेवट सी-ई-डी-ई असा करतात, ही सर्वांत फोफावलेली चूक. दुसऱ्यात एस-ई-ई-डी, म्हणजे शब्दात चक्क 'बी' (सीड, बियाणे) पेरलेले. तिसऱ्यात सी-ई-ई-डी, दोन्ही चुका एकदम.

चूक का होते? इंग्रजीत सी आणि एस या दोघांचा उच्चार इथे एकच, त्यामुळे कान काहीच मदत करत नाही. मराठीत लिहिताना तर दोघांनाही आपण 'स'च वापरतो. त्यात 'सुपरसीड' म्हणताना मधला 'सी' त्या अक्षराच्या नावासारखाच ऐकू येतो, मग बोट आपोआप सीकडे वळते. तिसरे कारण इंटरसीड हा शब्द. 'इंटर' अधिक 'सीड' तसेच 'सुपर' अधिक 'सीड', आघातही दोन्हीकडे शेवटच्या अवयवावर. इंटरसीडमध्ये सी आहे, म्हणून इथेही असणार असा मेंदूचा हिशोब.

रूपे: वर्तमानकाळी तृतीय पुरुषी एकवचनात शेवटी एस लागतो, भूतकाळात डी, आणि आयएनजी लावताना शेवटचा ई गळतो. आयएनजीच्या रूपात ई ठेवणारेही भेटतात, तो ठेवायचा नाही.

आता अर्थ. नवी गोष्ट जुनीच्या जागी येते आणि जुनीचा अंमल संपतो, हे दोन्ही घडले तरच सुपरसीड. नुसते नवे आले आणि जुनेही चालू राहिले तर ती भर झाली. जुने गेले पण जागी काही आले नाही तर ते रद्द करणे, त्यासाठी रिपील किंवा रिव्होक आहेत. कर्त्याच्या जागी नेहमी नवी गोष्ट आणि कर्माच्या जागी जुनी. हे क्रियापद सकर्मक आहे, 'जुना नियम सुपरसीड झाला' असे इंग्रजीत सांगायचे तर कर्मणी प्रयोग करावा लागतो आणि पुढे 'बाय' येतो.

बाकीच्यांनी भर घालावी.

तळटीप

धागा आवडला. सी आणि एसचा घोळ मुळापासून सुटावा म्हणून थोडे लॅटिन.

सुपरसीड आले 'सुपरसेदेरे'वरून: 'सुपर' म्हणजे वर, 'सेदेरे' म्हणजे बसणे. बाकीचे सगळे सीड-वाले शब्द 'केदेरे'वरून, म्हणजे जाणे, सरकणे, माघार घेणे, देऊन टाकणे. दोन वेगळ्या धातूंचे शब्द इंग्रजीत शिरल्यावर एकसारखे ऐकू येऊ लागले, एवढीच भानगड.

ही सगळी मंडळी तीन गटांत बसतात.

सी-ई-डी-ई हा मोठा गट: सीड (ताबा सोडून देणे), ॲक्सीड, कन्सीड, इंटरसीड, प्रिसीड, रिसीड, सिसीड, आणि क्वचित भेटणारा अँटिसीड.

सी-ई-ई-डी या गटात फक्त तीन: सक्सीड, प्रोसीड, एक्सीड. लक्षात ठेवायला स्पीड हा शब्द घ्या. त्यातल्या एस, पी, ई या तिघांची आद्याक्षरे, आणि शेवट ई-ई-डी.

एस-ई-डी-ई या गटात एकच: सुपरसीड. घराण्यात एकटा.

यात एक जाता जाता सापळा: प्रोसीडमध्ये दोन ई आहेत, पण प्रोसीजरमध्ये एकच. पी-आर-ओ-सी-ई-डी-यू-आर-ई. प्रोसीड पाठ झालेले लोक इथे हमखास दुसरा ई घुसवतात. उलट प्रिसीडमध्ये दोन ई एकत्र नसतात, तिथे प्रोसीडच्या नादाने ते येतात.

मराठी माणसाला 'सेदेरे' परका वाटायचे कारण नाही. संस्कृतातला 'सद्' हा त्याचा सख्खा भाऊ, दोघे एकाच इंडो-युरोपीय धातूचे. सदन, सदस्य, संसद, परिषद, उपनिषद हे सगळे 'सद्'चे. इंग्रजीत सेशन, सेडिमेंट, सेडेंटरी, प्रेसिडेंट, रेसिडेंट हे 'सेदेरे'चे. सगळीकडे बसणे आहे आणि सगळीकडे एस आहे. संसदेचे सेशन आठवले की सुपरसीडचा एस विसरत नाही.

प्रेसिडेंट आणि प्रेसिडेंट... म्हणजे राष्ट्राध्यक्षवाला आणि पूर्वदाखलावाला, हे दोन देवनागरीत बरेच जण एकसारखेच लिहितात, ती जोडीही हीच. पुढे बसणारा तो 'सेदेरे'चा, त्यात एस. आधी होऊन गेलेला तो 'केदेरे'चा, त्यात सी.

खट्याळ_कावळा

सगळे पटले, पण 'सीवाले रूप म्हणजे अडाणीपणा' असा सूर लागू नये म्हणून बोलतो.

इंग्रजीत हा शब्द लॅटिनमधून सरळ उडी मारून आला नाही. जुन्या फ्रेंचमधून आला, आणि तिथे तो सीने लिहिला जाई. मध्ययुगीन लॅटिनमध्येही सीची रूपे सापडतात. १५व्या शतकात स्कॉटलंडमधल्या लेखनात तो दिसतो, तोही सीसकट. म्हणजे ज्याला आपण चूक म्हणतो त्याचे वय तुमच्या शुद्ध रूपाइतकेच, किंबहुना थोडे जास्तच.

मेरियम-वेब्स्टरच्या कोशात सीच्या रूपाला स्वतंत्र नोंद आहे. १७व्या शतकापासून हे रूप चालत आलेय आणि छापील मजकुरात आजही सर्रास दिसते, असे तिथे नोंदवलेले आहे. मग वापरले तर बिघडले काय?

मसुदाकार

खट्याळ_कावळा, नोंदीतले पुढचे वाक्य तुम्ही सोयीने गाळलेत! हे रूप बहुतेकांना चूकच वाटते, असेही तिथेच म्हटले आहे. कोशात नोंद असणे म्हणजे शिफारस नव्हे. कोशकार वापरात दिसते ते टिपतो.

इतिहासाचा मुद्दा बरोबर आहे, त्यावर वाद नाही. पण व्यवहाराचा प्रश्न वेगळा. सीने लिहिलेत तर वाचणाऱ्यांपैकी काहींना खटकेल, एसने लिहिलेत तर कोणालाच खटकणार नाही. करारात किंवा अर्जात खटकण्याचा धोका कशाला घ्यायचा?

खट्याळ_कावळा

हे मान्य. 'एस लिहा, पण सी लिहिणाऱ्याला हसू नका' एवढ्यावर मिटवू.

न्यायपट

अर्थाच्या बाजूने थोडे, कारण या शब्दाचा प्रवास गमतीदार आहे आणि कायद्यात त्याचे जुने थर अजून जिवंत आहेत.

लॅटिन 'सुपरसेदेरे'चा अर्थ वर बसणे असला तरी तिथेच त्याला 'एखाद्या कामापासून लांब राहणे, ते करायचे थांबणे' असा दुसरा अर्थ आला होता. इंग्रजीत आणि स्कॉटिश कायद्यात शब्द आला तो या दुसऱ्या अर्थाने: लांबणीवर टाकणे, तहकूब करणे. 'जागा घेणे' हा आजचा अर्थ १७व्या शतकाच्या मध्याच्या सुमाराला रुळला.

थांबण्याचा अर्थ आजही सुपरसीडियस या संज्ञेत शिल्लक आहे. ते मूळ लॅटिन क्रियारूप, अर्थ साधारण 'तू थांबावेस'. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये एखादी कारवाई थांबवण्याच्या आज्ञापत्राला हे नाव पडले. अमेरिकी न्यायव्यवस्थेत सुपरसीडियस बाँड आहे: हरलेला पक्ष अपील करतो आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबावी म्हणून हमी भरतो. इथे कशाचीही जागा कोणी घेत नाही, निव्वळ स्थगिती. हे माहीत नसले की अनुवादक त्याचे 'अधिक्रमण बंधपत्र' करून मोकळे होतात आणि वाक्याचा बोऱ्या वाजतो. 'स्थगितीसाठीचे हमीपत्र' असे काहीतरी हवे.

अमेरिकेतलीच आणखी एक संज्ञा सुपरसीडिंग इंडाइटमेंट. आधीच्या आरोपपत्राच्या जागी नवे आरोपपत्र येते, बहुधा आरोप किंवा आरोपी वाढवून. इथे मात्र आजचा अर्थ आहे.

आणि टॉर्टच्या (नुकसानभरपाई मागता येणाऱ्या दिवाणी अपकृत्यांच्या) कायद्यातले सुपरसीडिंग कॉज. एकाच्या निष्काळजीपणानंतर आणि नुकसान होण्यापूर्वी मध्ये दुसरीच घटना घडते, तिला इंटरव्हीनिंग कॉज म्हणतात. अशी प्रत्येक मधली घटना पहिल्याला जबाबदारीतून सोडवत नाही. ती इतकी अनपेक्षित आणि स्वतंत्र असेल की कार्यकारणाची साखळीच तुटते, तर ती सुपरसीडिंग. म्हणजे प्रत्येक सुपरसीडिंग कॉज इंटरव्हीनिंग असते, उलट खरे नाही. दोन्हीला 'मध्यवर्ती कारण' म्हणून चालणार नाही.

नीरजा_भा

एक शंका. ओव्हरराइड, रिप्लेस, सप्लँट आणि सुपरसीड यांत व्यवहारात किती फरक करायचा? बरेच जण चारही एकाच मापाने वापरतात.

मसुदाकार

नीरजा_भा, फरक करायलाच हवा, विशेषतः ओव्हरराइडशी.

ओव्हरराइडमध्ये खालची गोष्ट जिवंत राहते, तेवढ्या प्रसंगापुरती वरची चालते. यंत्राचे स्वयंचलित नियंत्रण बाजूला ठेवून हाताने चालवणे म्हणजे ओव्हरराइड. हात काढला की मूळ नियंत्रण परत चालू. सुपरसीडमध्ये जुने परत येत नाही, आणायचे तर पुन्हा वेगळा निर्णय लागतो.

रिप्लेस हा सगळ्यांत सपाट शब्द. फुटलेली काच बदलली तर रिप्लेस, तिथे सुपरसीड हास्यास्पद दिसेल. सुपरसीडमध्ये नवी गोष्ट जुनीपेक्षा अधिकाराने किंवा उपयुक्ततेने वरचढ असल्याची छटा असते, काचेला काच वरचढ नसते. उलट वाफेच्या इंजिनाची जागा डिझेल इंजिनाने घेतली, तिथे सुपरसीड शोभते. आदेश कोणी काढायलाच हवा असे नाही.

सप्लँटमध्ये दुसऱ्याला हुसकावून लावण्याचा वास येतो. त्याच्या मुळाशी लॅटिनमध्ये पायाचा तळवा आहे, पाय घालून पाडण्यातला. माणसांविषयी लिहिताना जपून.

तळटीप

यात टेक प्रेसिडन्स आणि प्रिव्हेल हे दोन जोडा. दोन दस्तऐवज एकाच वेळी लागू आहेत आणि एखाद्या मुद्द्यावर भिडले तर कोणाचे ऐकायचे, हे सांगायला ते वापरतात. दोन्ही दस्तऐवज जिवंत. सुपरसीड लिहिलेत तर एक मेला. मूळ करार आणि त्याचे परिशिष्ट यांच्यात 'परिशिष्ट कराराला सुपरसीड करेल' असे लिहिणारा बहुधा 'विसंगती असेल तिथे परिशिष्ट ग्राह्य' एवढेच म्हणू पाहतो. लिहिताना मात्र तो अख्खा करारच निकालात काढून बसतो.

न्यायपट

तळटीप यांच्याशी शंभर टक्के सहमत. सुपरसीडचे कलम लिहिताना चार गोष्टी कागदावर हव्यात, नाहीतर पुढे भांडण ठरलेले.

कोणता दस्तऐवज: क्रमांक आणि तारखेसह. 'यापूर्वीचे सर्व' हे शब्द दिसायला सोपे, पण त्यात नको ते कागदही बुडतात. पक्षकारांमध्ये आधी झालेला गोपनीयतेचा करार हे ठळक उदाहरण. तो टिकवायचा असेल तर त्याला नाव घेऊन वगळा.

किती भाग: संपूर्ण की अमुक परिच्छेद. काही भागच बदलायचा असेल तर हे क्रियापदच नको, अमेंड किंवा मॉडिफाय घ्या.

कधीपासून: सहीची तारीख की अंमलाची? ती सांगितली नाही तर मधल्या काळात काय लागू होते यावर दोन्ही बाजू आपापल्या सोयीने बोलतात.

जुन्याखाली आधीच घडून गेलेल्या गोष्टींचे काय: दिलेल्या परवानग्या, थकलेली देणी, सुरू झालेली कारवाई. अधिसूचनांमध्ये याची ठरलेली वाक्यरचना असते, अधिक्रमणाआधी केलेल्या किंवा करायच्या राहिलेल्या बाबी वगळून, अशा अर्थाची. ती शोभेची नसते.

शून्यएक

सॉफ्टवेअरच्या अंगाने भर.

अद्ययावतीकरणाच्या याद्यांत 'सुपरसीडेड' अशी खूण दिसते. अर्थ: नंतर आलेल्या अपडेटमध्ये या अपडेटमधल्या दुरुस्त्या सामावलेल्या आहेत, हे वेगळे बसवायची गरज उरलेली नाही. पण खूण दिसली की लगेच जुने यादीतून उडवायचे नसते. नवे मंजूर झाले आहे का आणि संबंधित यंत्रांना ते लागू होते का हे आधी पाहायचे. जुने उडवले आणि नवे अजून मंजूरच नाही, तर मधल्या मध्ये यंत्र दोन्हीविना राहते. एकाने दुसऱ्याला आणि दुसऱ्याने तिसऱ्याला सुपरसीड केलेले असते तेव्हा साखळीच्या टोकाचे शोधायचे.

या जगात नाम म्हणून सुपरसीडन्स रूढ आहे. जुन्या वळणाच्या संपादकांना ते रुचत नाही, पण मायक्रोसॉफ्टच्या दस्तऐवजांत तेच आहे, तिथे बदलायला जाऊ नका.

इंटरनेटची मानके ज्यांत असतात त्या आरएफसींची पद्धत इथे बघण्यासारखी आहे. तिथे हे क्रियापद टाळून दोन वेगळ्या खुणा करतात: ऑब्सोलीट्स म्हणजे जुने पूर्ण बाद, आणि अपडेट्स म्हणजे जुने चालू, त्यात बदल. एचटीटीपीचे (वेबपाने मागवण्या-पाठवण्याच्या नियमांचे) उदाहरण घ्या. १९९९ची आरएफसी २६१६, तिला २०१४मध्ये ७२३० ते ७२३५ या संचाने बाद केले आणि २०२२मध्ये ९११०पासूनच्या नव्या संचाने त्यांची जागा घेतली. प्रत्येकीच्या माथ्यावर कोणी कोणाला बाद केले ते लिहिलेले, शंकेला जागाच नाही.

यूजनेटच्या (इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांच्या) लेखांना मात्र 'सुपरसीड्स' नावाचा शीर्षकातला रकाना आहे, २००९च्या आरएफसी ५५३६मध्ये त्याची व्याख्या आहे. आपलाच आधीचा लेख मागे घेऊन नवा त्या जागी ठेवायचा तर तो वापरतात. तिथे एसच्या जागी सी टाकलात तर सर्व्हर त्याला ओळखीचा रकाना मानणार नाही आणि जुना लेख जागचा हलणार नाही. स्पेलिंगची चूक इतकी रोकठोक शिक्षा क्वचितच देते.

अवांतर: उलटेही घडले आहे. एचटीटीपीतल्या रेफरर या रकान्यात मधला एक आर गळालेला आहे. १९९६च्या आरएफसी १९४५मध्ये तो तसाच छापला गेला आणि आता बदलता येत नाही. तिथे 'बरोबर' स्पेलिंग लिहिणाराच फसतो.

वाटाड्या

नामाचा विषय निघालाच आहे तर सुपरसीजर विसरू नका. मधमाश्या पाळणाऱ्यांचा हा रोजचा शब्द. शेवट डी-यू-आर-ई, प्रोसीजरसारखा, पण सुरुवातीला एसच.

राणीमाशी म्हातारी किंवा कमजोर झाली, तिची अंडी आणि गंधद्रव्ये कमी पडू लागली की कामकरी माश्या तिच्या हयातीतच नवी राणी तयार करतात. त्या बदलाला सुपरसीजर म्हणतात. ओळखायचे राणीघरांवरून. ती मोजकी असतील आणि पोळ्याच्या पृष्ठभागावर मध्यभागी असतील तर बहुधा सुपरसीजर. पुष्कळ असतील आणि पोळ्याच्या खालच्या कडेला लोंबत असतील तर बहुधा वसाहत फुटून थवा निघायची तयारी. 'बहुधा' म्हटले, कारण जागा हा अंदाज आहे, पुरावा नव्हे.

हा फरक कळला नाही तर नुकसान. थव्याच्या भीतीने सगळी राणीघरे मोडली आणि प्रत्यक्षात सुपरसीजर चालू असेल, तर वसाहत कमजोर राणीवर अडकते, किंवा राणी आधीच संपली असेल तर पोरकी होते.

काही वेळा जुनी आणि नवी राणी थोडे दिवस एकत्रही नांदतात. मसुदाकार यांची 'जुनीचा अंमल संपतो' ही अट माश्यांना कोणी कळवलेली दिसत नाही!

तळटीप

मस्त भर! साध्या लेखनात मान्य नाम मात्र सुपरसेशन. आणि याच नामात स्पेलिंग पाठ करायची सर्वांत सोपी किल्ली आहे.

त्याचे दोन तुकडे करा: सुपर आणि सेशन. सेशन म्हणजे बैठक, एस-ई-एस-एस-आय-ओ-एन, हा शब्द सगळ्यांना येतो. तो तसाच्या तसा चिकटवा. आता बाकीच्यांची नामे बघा: कन्सेशन, रिसेशन, ॲक्सेशन, इंटरसेशन, सिसेशन. या सगळ्यांत सी-ई-एस-एस-आय-ओ-एन. म्हणजे क्रियापदात सी तर नामात सी, क्रियापदात एस तर नामात एस. शंका आली की नाम आठवायचे.

नीरजा_भा

सेशनची युक्ती उत्तम. आता मराठीचे बोला. शासकीय मजकुरात 'अधिक्रमित करणे' असते, पण ते सगळीकडे चालत नाही ना?

मुद्रितशोधक

नाही चालत. संदर्भ पाहून शब्द निवडायचा.

आदेश, परिपत्रक, अधिसूचना: अधिक्रमित करणे, नाम अधिक्रमण. नोकरीत कनिष्ठाला वरच्या पदावर बसवले: भारतीय इंग्रजीत यालाही सुपरसीड म्हणतात, मराठीत ज्येष्ठता डावलणे. निवडून आलेले मंडळ हटवून प्रशासक नेमला: हाही भारतीय इंग्रजीतला वापर, मराठीत बरखास्त करणे. तंत्रज्ञान, पद्धती, मते: जागा घेणे, मागे पाडणे, कालबाह्य ठरवणे. मानके आणि नकाशे: 'ही आवृत्ती बाद, हिच्या जागी अमुक आवृत्ती' असे सरळ लिहावे, 'अधिक्रमित मानक' वाचून कोणाला बोध होत नाही.

ज्येष्ठतेच्या अर्थात एक व्याकरणाचा पेच आहे. इतरत्र सुपरसीडचे कर्म म्हणजे गेलेली गोष्ट. इथे कर्म म्हणजे डावलला गेलेला माणूस, आणि तो आपल्या जागेवर असतो, फक्त त्याच्या डोक्यावरून दुसरा वर जातो. अनुवादात 'त्याच्या जागी नेमले' असे लिहिले तर धादांत चुकीचे होईल.

आणि अधिक्रमणाचा टंकनदोष! 'धि'चा 'ति' झाला की परिपत्रक पूर्वीच्या परिपत्रकावर अतिक्रमण करते. मराठीचा स्पेलचेकर दोन्हीला हरकत घेत नाही, डोळ्यानेच पकडावे लागते.

तळटीप

गंमत म्हणजे अधिक्रमणात 'क्रम्' आहे, पाऊल टाकणे. लॅटिनवाला वर बसला आणि आपण वरून पाऊल टाकून गेलो. म्हणजे मराठी शब्दाची कल्पना 'केदेरे'कडची, सीवाली! खट्याळ_कावळा यांना हा आयता मुद्दा देतोय.

खट्याळ_कावळा

घेतला. जपून ठेवतो.

मुद्रितशोधक

मोठ्या मजकुरात ही चूक शोधायची पद्धत देतो, कारण स्पेलचेकरवर विसंबता येत नाही. काही कोशांत सीच्या रूपाची नोंद असल्याने तो प्रत्येक वेळी लाल रेघ मारेलच असे नाही.

शोध दोनदा घ्यायचा. पहिला: एस-यू-पी-ई-आर-सी-ई. पूर्ण शब्द जुळवण्याची खूण काढून टाका, म्हणजे सी-ई-डी-ई, सी-ई-ई-डी, भूतकाळ, आयएनजी आणि सीने लिहिलेले नाम हे सगळे एका जाळ्यात येते. सोबत सुपरसेल, सुपरसेंटर असे निर्दोष शब्दही येतील, ते सोडून द्या. शोध सीपाशीच थांबवू नका, नाहीतर सुपरकॉम्प्युटर, सुपरकंडक्टर, सुपरचार्जरची रांग लागेल.

दुसरा: एस-यू-पी-ई-आर-एस-ई-ई. यात 'बी' पेरलेले रूप सापडते. नेहमीच्या मजकुरात या आठ अक्षरांनी सुरू होणारा बरोबर शब्द भेटत नाही, त्यामुळे जे सापडेल ते बहुतेक चूकच.

'सगळे बदला' हे बटण मात्र दाबू नये. तीन ठिकाणी चूक तशीच ठेवावी लागते. फायलींची नावे आणि वेबपत्ते, कारण बदलले की दुवा तुटतो. डेटाबेसमधल्या रकान्यांची आणि कोडमधल्या चलांची नावे, कारण एका ठिकाणी बदलून दुसरीकडे राहिले तर प्रणाली बंद पडते. आणि अवतरणे: मूळ कागदात सी असेल तर सीच ठेवायचा, हवे तर पुढे चौकटी कंसात सिक् (म्हणजे 'मुळात असेच') लिहायचे. जुन्या कायदेशीर कागदांत हे फार येते.

ओळीच्या शेवटी शब्द तोडायची वेळ आली तर 'सुपर'नंतर तोडा. पुढच्या ओळीत एस-ई-डी-ई जातो.

शून्यएक

कोडमधल्या नावांबाबत +१. रकान्याचे नाव चुकीचे असले आणि बाहेरचे लोक ते वापरत असतील, तर आधी बरोबर नावाचा रकाना जोडा, काही काळ दोन्ही चालू ठेवा, आणि जुन्यावर तो बाद होणार असल्याची सूचना लावा. सूचनेत सुपरसीडेडचे स्पेलिंग दोनदा तपासा, तिथेच चुकले तर शोभा होईल.

नीरजा_भा

शेवटची शंका. 'सुपरसीडेड विथ' चालते का? रिप्लेस्ड विथ चालते म्हणून विचारले.

मसुदाकार

नाही. रिप्लेसमध्ये बदल करणारा कोणी तिसरा असतो: अमुकाने जुने काढून नवे बसवले, म्हणून 'विथ' बसते. सुपरसीडमध्ये नवी गोष्टच कर्ता, ती स्वतः जुनीवर बसते. म्हणून कर्मणीत 'बाय'च. याच कारणाने 'समितीने जुना नियम नव्या नियमाने सुपरसीड केला' ही रचनाही इंग्रजीत अवघडते. 'समितीने नवा नियम केला, तो जुन्याला सुपरसीड करतो' अशी मोडणी करा.